अर्धवट घर आणि अपराधी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील गृहबांधणी, ठेकेदारी आणि फौजदारी कायदा यांचा ऐतिहासिक मागोवा

घर बांधून किंवा दुरुस्त करून देतो असे सांगून एखाद्याने आगाऊ रक्कम घेतली आणि काम केलेच नाही, अर्धवट सोडले किंवा निकृष्ट साहित्य वापरून उरकले, तर तो अपराध कोणता? तो करारभंग आहे की फसवणूक? त्याची दाद दिवाणी न्यायालयात मागायची की पोलीस ठाण्यात? वरवर पाहता हे प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्याचे आहेत. परंतु गेल्या दीडशे वर्षांत भारतातील कायद्याने त्यांची जी उत्तरे दिली, ती एकापाठोपाठ एक ठेवून पाहिली असता त्यांतून सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा हाती लागतो. घरबांधणीच्या व्यवहारात तीन पक्ष असतात : घरमालक, प्रत्यक्ष हात चालवणारा कारागीर आणि या दोघांमध्ये उभा राहणारा ठेकेदार. या तिघांपैकी कायद्याने कोणाला गुन्हेगार मानले आणि कोणाला केवळ देणेकरी मानले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी पूर्वीचा चांदा जिल्हा, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभागणी होऊन अस्तित्वात आलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे, हे क्षेत्र निवडले आहे. येथे घराचे साहित्य जंगलातून येते आणि जंगलावर सरकारची मालकी आहे. त्यामुळे या प्रश्नाला अन्यत्र सहसा न आढळणारा चौथा पक्ष, म्हणजे वनखाते, येऊन मिळतो.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांना हा विषय अपरिचित नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या 'कण्टकशोधन' या चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे या प्रकरणाने होतो. काम, स्थळ आणि काळ निश्चित करून कारागिरांनी काम घ्यावे, मुदत टळल्यास चौथाई वेतन कापून वर त्याच्या दुप्पट दंड करावा, अशी तेथे तरतूद आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत वेतन घेऊन काम टाकून जाणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यावी असे सांगितले आहे. या नियमांत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे दंडाचे स्वरूप बहुतांशी आर्थिक आहे आणि त्याचे माप कामाच्या किंवा वेतनाच्या मूल्याशी बांधलेले आहे. दुसरी अशी की, काम स्वीकारताना कारागिराच्या मनात काय होते हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. काम झाले की नाही आणि वेळेत झाले की नाही, एवढेच पाहिले जाते. हा हेतूचा प्रश्न पुढे किती मोलाचा ठरतो हे ओघात स्पष्ट होईल.

हे ग्रंथांतील नियम चांद्याच्या रानात कितपत पोहोचले असतील याविषयी शंका घेण्यास पुरेपूर जागा आहे. वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांतील गावांत शेतकऱ्याचे घर सुतार, लोहार, कुंभार आदी बलुतेदारांच्या मदतीने उभे राहत असे. बलुत्याचा मोबदला सुगीनंतर धान्याच्या रूपाने मिळे. काम आधी आणि मोबदला नंतर, असा हा क्रम होता. कारागीर गावातलाच, त्याचे हक्कही गावातलेच, म्हणून काम बुडवून तो जाणार कोठे? बलुतेदारी ही जातिव्यवस्थेची अपत्यच होती आणि तिच्यातील विषमतेवर पांघरूण घालण्याचे काहीच कारण नाही. तथापि आगाऊ रोकड घेऊन पसार होण्याची संधी तिच्या रचनेतच नव्हती, हे नमूद केले पाहिजे. आणखी दक्षिणेस, भामरागड, एटापल्ली, अहेरी या भागांतील माडिया आणि गोंड वस्त्यांमध्ये तर घर हे विकत घ्यायचे कामच नव्हते. लाकडी खांब, वासे, बांबूचा कूड, त्यावर मातीचा लेप आणि वर गवताचे किंवा कवेलूंचे छप्पर असे हे घर घरधनी आणि शेजारी मिळून उभारत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी होई. जेथे पैशाची देवघेवच नाही तेथे पैशाच्या फसवणुकीला वाव उरत नाही.

ही स्थिती पालटण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या : आगाऊ रकमेवर चालणारी मजुरी आणि सरकारी जंगल. दोन्हींचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांच्या ताब्यात आला. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके यांचा उठाव मोडून काढून त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. याच काही वर्षांत ब्रिटिश भारताची फौजदारी चौकट आकार घेत होती.

या चौकटीत आपल्या विषयाशी सर्वांत निकटचा कायदा दंडसंहितेच्याही आधीचा आहे. १८५९ चा तेरावा अधिनियम, म्हणजेच कामगारांच्या करारभंगाचा कायदा, हा तो होय. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा-शहरांतील कारखानदार आणि व्यापारी यांच्याकडून आगाऊ रक्कम घेऊन कारागीर, कामगार आणि मजूर कपटाने करार मोडतात, त्यामुळे मोठे नुकसान होते आणि दिवाणी उपाय अपुरा पडतो, अशी भूमिका त्याच्या प्रस्तावनेत मांडली होती. इतर प्रदेशांना तो लागू करण्याची मुभा सरकारला होती आणि ती सढळपणे वापरली गेली. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांच्या इतिहासात या कायद्याचे नाव वारंवार येते ते त्यामुळेच. मालकाने तक्रार करावी, दंडाधिकाऱ्याने कारागिरास बोलावून घ्यावे, आणि रक्कम परत कर किंवा काम पूर्ण कर यांपैकी मालकाच्या इच्छेनुसार हुकूम द्यावा. हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद. अशी ही कार्यपद्धती होती.

या कायद्याच्या प्रस्तावनेत कपट हा शब्द आहे, परंतु शिक्षेच्या कलमापर्यंत येता येता तो गळून पडतो. तेथे जाणूनबुजून आणि वाजवी कारणाशिवाय काम न करणे किंवा काम करण्यास नकार देणे एवढेच पुरेसे मानले आहे. उचल घेतानाच कारागिराच्या मनात लबाडी होती हे सिद्ध करण्याचा भार मालकावर नव्हता. आजारपण, दुष्काळ, कमी ठरलेली मजुरी, मुकादमाने मध्येच कापलेला वाटा, या साऱ्यांचा विचार वाजवी कारण या दोन शब्दांत सामावेल तेवढाच व्हायचा, आणि ते कारण वाजवी की अवाजवी हे ठरवणारा अधिकारी मालकाच्याच वर्तुळात वावरणारा असे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतही कलमे ४९० ते ४९२ ही सेवाकराराच्या भंगाला अपराध ठरवणारी होती. मालकाच्या खर्चाने दूरच्या ठिकाणी नेलेला मजूर मुदतीपूर्वी काम सोडून गेल्यास कलम ४९२ प्रमाणे एक महिन्यापर्यंत कैद किंवा नेण्याआणण्याच्या खर्चाच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकत असे. १९२० च्या दुरुस्तीने १८५९ च्या कायद्याची धार काहीशी बोथट झाली. पुढे १९२५ च्या तिसऱ्या अधिनियमाने तो कायदा आणि त्यासोबत कलमे ४९० व ४९२ रद्द करण्यात आली, ती १ एप्रिल १९२६ पासून. म्हणजे सहासष्ट वर्षे, उचल घेऊन काम न करणे हा या देशात कारागिरासाठी फौजदारी अपराध होता. कायद्याची शब्दयोजना कारागीर, कामगार आणि मजूर या तिघांपुरती होती. स्वतः हाताने काम न करता इतरांकडून ते करवून घेणारा मोठा ठेकेदार तिच्या डोळ्यांसमोर नव्हता.

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. १८६५, १८७८ आणि १९२७ या वर्षांच्या वनकायद्यांनी घराचे साहित्य हीच सरकारी मालमत्ता ठरवली. मालगुजारी गावांत रयतेच्या निस्ताराच्या, म्हणजे घरदुरुस्ती, शेतीची अवजारे, जळण, चराई यांसाठी जंगलाचा वापर करण्याच्या, रूढी वाजिब-उल-अर्जात नोंदल्या जात. त्या अगदीच कागदी होत्या असे नव्हे. पण हक्क आणि सवलत यांत अंतर असते आणि ते अंतर राखण्याची कला वनखात्याला चांगली अवगत होती. १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली, अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांची जंगलेही राज्याकडे आली, आणि निस्ताराची मागणी मालगुजाराऐवजी सरकारी डेपोकडे करावी लागू लागली. १९२७ च्या अधिनियमाच्या मूळ तरतुदींनुसार राखीव किंवा संरक्षित वनातून मनाई असलेले लाकूड तोडण्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. घराचे आढे मोडले म्हणून रानातून एक बल्ली आणणारा माणूस अशा रीतीने आरोपी झाला. बांबूलाही या अधिनियमाने वृक्षाच्या व्याख्येत बसवले होते. वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या व्याख्येतून बाहेर पडायला २०१७ चे वर्ष उजाडले. दरम्यान १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद उद्योगाला या जंगलातील बांबू मोठ्या प्रमाणावर सवलतीने मिळत राहिला. कुडासाठी दहा बांबू आणणाऱ्याला गार्ड अडवत असताना बांबूने भरलेले ट्रक त्याच रस्त्याने जात. हे दृश्य या भागात कित्येक दशके परिचयाचे होते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा इतिहास या संदर्भात उद्धृत करण्याजोगा आहे. गावाने सामूहिकरीत्या उभारलेल्या घोटुलाच्या लाकडावरून तेथे वनखात्याशी संघर्ष झाला. गावाची सामाजिक वास्तू ही वनगुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला, २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती आले. घरासाठी बांबू आणणे हा अपराध नाही, हे कायद्याच्या भाषेत मान्य व्हायला दीडशे वर्षे लागली.

कारागीर आणि घरमालक यांच्याबाबत इतका तत्पर असणारा फौजदारी कायदा ठेकेदाराशी कसा वागला, हे पाहण्यासाठी दंडसंहितेकडे आले पाहिजे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सिद्ध केलेला मसुदा बऱ्याच फेरफारांनंतर १८६० मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. अर्धवट घराच्या प्रकरणात त्यातील दोन अपराध मुख्यतः संभवतात. पहिला कलम ४०५ चा फौजदारीपात्र न्यासभंग, दुसरा कलम ४१५ ची ठकवणूक. न्यासभंगाला कलम ४०६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होती. तोच लोकसेवकाने अथवा अभिकर्त्याने केल्यास कलम ४०९ प्रमाणे जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. साध्या ठकवणुकीला एक वर्ष, आणि ठकवून मालमत्ता देण्यास प्रवृत्त केल्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड. हे शेवटचे कलम म्हणजे ४२०. त्याने आपल्या भाषेला एक शब्दच दिला. लबाड माणसाला चारसोबीस म्हणणाऱ्या कितीजणांना त्या कलमाखाली ठेकेदारावर आरोप सिद्ध करणे किती अवघड आहे याची कल्पना असेल?

अवघड अशासाठी की, दोन्ही अपराधांच्या दारात एकेक उंबरठा आहे. न्यासभंगासाठी मालमत्ता सोपवलेली असावी लागते, म्हणजे दिल्यानंतरही तिची मालकी देणाऱ्याकडेच राहिली पाहिजे. गुजरात राज्य विरुद्ध जसवंतलाल नाथालाल या १९६८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका बांधकामाच्या सिमेंटचा प्रश्न होता. विशिष्ट बांधकामासाठी म्हणून सरकारकडून मिळालेले सिमेंट आरोपीने अन्यत्र वळवले होते. न्यायालयाने असे ठरवले की, सिमेंटची विक्री झालेली होती, विक्रीबरोबर मालकी गेली, म्हणून सोपवणूक नाही आणि न्यासभंगही नाही. याच तर्काने पाहिल्यास घरमालकाने कामाच्या मोबदल्यापोटी दिलेली आगाऊ रक्कम ही ठेकेदाराचीच होते. तिचा त्याने काय विनियोग केला हा सामान्यतः न्यासभंगाचा विषय उरत नाही. घरमालकाने स्वतःचे लाकूड, लोखंड किंवा सिमेंट ठेकेदाराच्या हवाली केले आणि त्याने ते विकले, तर मात्र हे कलम निःसंशय लागू पडते. खेड्यातील फसवणुकीत साहित्यापेक्षा रोकडच अधिक जाते, ही खरी अडचण आहे.

ठकवणुकीचा उंबरठा याहून उंच आहे. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या निर्णयांचा धागा पुढे नेत स्पष्ट केले की, वचन देतानाच ते न पाळण्याचा अप्रामाणिक हेतू असला पाहिजे. नंतर वचन मोडले एवढ्यावरून तो हेतू गृहीत धरता येत नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. प्रत्येक करारभंगाला तुरुंगाची वाट दाखवली तर व्यवहार ठप्प होतील आणि देणेवसुलीसाठी पोलिसांचा वापर होईल. तो तसा होतोही, आणि न्यायालयांनी त्याबद्दल वेळोवेळी नापसंती दर्शवली आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबून मागे वळून पाहावेसे वाटते. १८५९ ते १९२६ या काळात उचल घेतलेल्या गवंड्याला किंवा सुताराला सक्तमजुरीला पाठवताना त्याच्या आरंभीच्या हेतूची चौकशी कायद्याला आवश्यक वाटली नव्हती. हेतूची कसोटी ही फौजदारी न्यायाची सभ्यता आहे. ती सभ्यता कारागिराच्या वाट्याला आली नाही आणि ठेकेदाराच्या वाट्याला पुरेपूर आली. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत बोलकी विसंगती हीच होय. १९२५ मध्ये जुना कायदा रद्द झाला तो न्याय्यच झाला. पण रिकाम्या झालेल्या जागी घरमालकाच्या हाती काय उरले, याचा विचार त्या वेळी कोणी केल्याचे दिसत नाही. उरला तो १८७२ च्या करार अधिनियमाचा नुकसानभरपाईचा दावा. तो लावण्यासाठी लेखी करार, वकील, मुद्रांक आणि वर्षे लागतात.

नागरी भागात ही पोकळी काही अंशी भरून निघाली. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने करारनामा नोंदवण्यापूर्वी प्रवर्तकाने घ्यावयाच्या रकमेवर मर्यादा घातली, ती रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले आणि तिचा अपहार केल्यास कैदेची तरतूद केली. जसवंतलाल प्रकरणात आडवी आलेली सोपवणुकीची अडचण विधिमंडळाने येथे पाच वर्षे आधीच कायद्यानेच सोडवून ठेवली होती, असे म्हणता येईल. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निर्णयाने गृहबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्याखालील सेवा ठरली. २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम, म्हणजे रेरा, त्यानंतरचा. यांपैकी पहिला आणि शेवटचा कायदा सदनिकांच्या व भूखंडांच्या विक्रीसाठी आहेत. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही, आणि स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर बांधून घेणारा तर त्याच्या कक्षेतच येत नाही. कुरखेडा किंवा मूल तालुक्यातील शेतकऱ्याच्या कवेलूच्या घरावर स्लॅब टाकून देणाऱ्या ठेकेदाराला मुंबईतील प्राधिकरणाची नोंदणी ठाऊक असण्याचे कारण नाही. ग्राहक आयोगाचे दार मात्र त्या शेतकऱ्याला उघडे आहे. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास १९८६ च्या कायद्यातही आणि २०१९ च्या कायद्यातही एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. या मार्गाचा उपयोग वनजिल्ह्यांत याहून अधिक व्हायला हवा.

शासकीय घरकुल योजनांनी या प्रश्नाला निराळेच वळण दिले. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ठेकेदाराला मज्जाव होता. लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे हे तिचे सूत्र. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्येही तेच सूत्र कायम राहिले. पंचवीस चौरस मीटरचे घर, सपाट प्रदेशात १,२०,००० आणि गडचिरोलीसारख्या एकात्मिक कृती आराखड्यातील जिल्ह्यांत १,३०,००० रुपयांचे साहाय्य, आणि ते टप्प्याटप्प्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात. राज्याची शबरी घरकुल योजना आदिवासींसाठी आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानात माडिया, कोलाम यांसारख्या समूहांसाठी साहाय्य २ लाखांपर्यंत नेले आहे. कागदावर ठेकेदार नाही. पण विटा, सिमेंट आणि लोखंडी सळ्यांचे घर हे कुडाच्या घरासारखे शेजाऱ्यांच्या हातांनी उभे राहत नाही. त्यासाठी गवंडी बाहेरून आणावा लागतो, वाळू आणि सिमेंट कित्येक किलोमीटरवरून न्यावे लागते, तळपाया झाल्याचे छायाचित्र संगणकावर चढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. हे सारे जमवून देणारा मध्यस्थ अपरिहार्यपणे अवतरतो, आणि योजनेने त्याला नाकारले असल्यामुळे त्याच्याशी लेखी करार होत नाही. बँकेतून हप्ता काढताना तो शेजारी उभा असतो. परिणामी फसवणूक झाली तर लाभार्थी दोन्हीकडून कोंडीत सापडतो : ठेकेदाराविरुद्ध कागद नाही, आणि ठेकेदार नेमला हेच मुळी नियमाविरुद्ध. घर अपूर्ण राहिल्याची नोटीस मात्र त्याच्याच नावाने निघते.

अशा प्रकरणांत चारसोबीसच्या पलीकडे पाहण्याची गरज आहे. दंडसंहितेच्या कलम ४६४ मध्ये खोटा दस्तऐवज तयार करण्याचे तीन प्रकार सांगितले होते. त्यांतील तिसरा प्रकार निरक्षर लाभार्थ्याला हुबेहूब लागू पडतो. फसवणुकीमुळे दस्तातील मजकूर ज्याला ठाऊक नाही अशा व्यक्तीकडून त्यावर अंगठा किंवा सही घेणे, हे खोटा दस्त करणेच होय. तो दस्त पैसे स्वीकारण्याचा अधिकार देणारा किंवा पैसे मिळाल्याची पावती असेल, तर अपराध कलम ४६७ चा होतो आणि शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. येथे वनजिल्ह्यांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(२)(पाच) प्रमाणे, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध, ती तशी आहे हे माहीत असताना, दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा मालमत्तेविषयीचा अपराध इतर समाजातील व्यक्तीने केल्यास जन्मठेप होऊ शकते. सात वर्षांची ठकवणूक या मर्यादेखाली राहते, आणि २०१५ च्या दुरुस्तीने जोडलेल्या अनुसूचीतही ती नाही. दस्ताचे बनावटीकरण मात्र मर्यादेच्या आत येते. म्हणजे प्रथम खबर लिहिताना ठाण्यातील अंमलदार कोणते कलम लावतो, यावर सारे अवलंबून राहते. तक्रारदार माडिया बोलत असेल आणि खबर मराठीत लिहिली जात असेल, तर अंगठ्याची हकीकत त्या लेखनात उतरते की केवळ पैशाची, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

घरकुलाच्या गैरव्यवहारात महाराष्ट्रात मोठी शिक्षा झालीच नाही असे नाही. जळगाव नगरपालिकेच्या १९९० च्या दशकातील घरकुल योजनेत हजारो घरे बांधायची होती. प्रत्यक्षात त्यांतील थोडीच उभी राहिली आणि ठेकेदार संस्थेला आगाऊ रकमा मात्र दिल्या गेल्या. आयुक्त प्रवीण गेडाम यांच्या तक्रारीवरून २००६ मध्ये गुन्हा नोंदला गेला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड ठोठावण्यात आला. त्याविरुद्ध आरोपींनी उच्च न्यायालयात धाव घेतली. या खटल्यात न्यासभंगाचे कलम टिकू शकले त्याचे कारण उघड आहे. पैसा सार्वजनिक होता, तो लोकसेवकांकडे सोपवलेला होता, आणि आगाऊ रकमेचा प्रत्येक ठराव पालिकेच्या दप्तरात लेखी होता. एकट्या घरमालकाजवळ यांपैकी काहीच नसते. तरीही तक्रारीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. न्यासभंग आता कलम ३१६ मध्ये आहे आणि त्याची साधी शिक्षा तीनवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. ठकवणूक कलम ३१८ मध्ये आली, तिची साधी शिक्षा एकावरून तीन वर्षांपर्यंत वाढली, मालमत्ता देण्यास प्रवृत्त करण्याची मात्र सात वर्षांचीच राहिली. मूल्यवान रोख्याचे बनावटीकरण कलम ३३८ मध्ये आहे. आकडे बदलले, उंबरठे तेच राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की, एकाच वस्तुस्थितीवर न्यासभंग आणि ठकवणूक हे दोन्ही अपराध एकत्र नांदू शकत नाहीत, कारण एकात हेतू आरंभापासून दूषित असतो आणि दुसऱ्यात सोपवणूक प्रामाणिकपणे झालेली असते. दोन्ही कलमे सवयीने जोडून लावणाऱ्या पोलीस ठाण्यांना हा इशारा होता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अपराधांत, खटला चालवण्याजोगा आहे की नाही हे पाहण्यासाठी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. पाच वर्षांचा न्यासभंग त्यात येतो, सात वर्षांपर्यंतची ठकवणूक येत नाही.

चौदा दिवस ही मुदत नागपूरच्या किंवा मुंबईच्या मानाने अल्प वाटेल. भामरागडात ती अल्प नाही. जुने घर पाडून नव्याचा पाया घालण्याचा काळ या भागात उन्हाळ्याचा. तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे हाती येतात ते मे महिन्यात, आणि मृग नक्षत्र लागते जूनच्या पहिल्या आठवड्यात. ठेकेदाराने काम सोडले हे लक्षात येईपर्यंत जुने छप्पर उतरलेले असते, नव्या भिंती कमरेइतक्या आलेल्या असतात. एकदा पाऊस धरला की पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होतो आणि दीडशे किलोमीटरहून दूर असलेले जिल्ह्याचे न्यायालय आणखी दूर जाते. १९८२ पूर्वी तर ते चंद्रपूरला होते. कौटिल्याने मुदत टळण्यालाच स्वतंत्र दंड सांगितला होता. आजच्या दोन्ही कलमांत वेळेला जागा नाही. दंडाच्या रकमेतून फिर्यादीला भरपाई देववण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयाला १९७३ च्या संहितेत कलम ३५७ ने होता आणि आता कलम ३९५ ने आहे. तो दोषसिद्धीनंतरच वापरता येतो. तोवर कुटुंब गोठ्यात किंवा भावकीच्या ओसरीवर राहते, आणि उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती पहिल्या दोन पावसांतच खचतात.